हॉस्टेलवरची रात्रपाळी

पुणे-सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यात शिरले की कुरकुंभ आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना दिसते. इथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत, औषधांचा कच्चा माल तयार करणारे कारखाने आहेत. पिंपांत भरून इथून निघालेली पावडर पुढे कुठल्या तरी शहरात गोळी होते, कॅप्सूल होते आणि दवाखान्यात रुग्णाच्या हातावर पडते. ती पावडर करणारा कामगार मात्र बहुधा ठेकेदाराच्या वहीतला असतो. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी असा त्याचा महिना फिरतो. औषध तयार करणाऱ्याच्या घरातून एखादा औषध लिहून देणारा निघावा, असे अशा घराला वाटले तर नवल नाही. आणि ही गोष्ट आता पहिल्याइतकी लांबची राहिलेली नाही. पुण्याचे बी. जे. मेडिकल १९४६ पासून आहेच, २०१९ साली बारामतीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. कुरकुंभहून बारामतीची एस. टी. धरली की तासाभरात माणूस तिथे पोहोचतो.

मुलगा एमबीबीएसला लागला की वस्तीत पेढे वाटले जातात, फलकावर फोटो लागतो, बुद्धविहारात सत्कार होतो. हे सगळे व्हायलाच हवे. पण कधी कधी त्याच घरात वर्षाने वेगळीच शांतता पसरते. पोरगा पहिल्याच वर्षी अडकला. दहावीला, बारावीला, नीटला पुढे असणारा मुलगा अॅनाटॉमीत नापास कसा झाला? आईला वाटते, जेवणाचे हाल होत असतील. वडिलांना वाटते, इंग्रजी नडले असेल. जेवणाचे हाल होतात, इंग्रजीही नडते, हे खोटे नाही. परंतु काही मुलांच्या बाबतीत एक तिसरे कारण असते. ते त्यांच्या उशाशी चार्जिंगला लावलेले असते आणि घरात त्याच्याविषयी कुणी विचारतच नाही.

मोबाईलवरचे आणि संगणकावरचे खेळ, म्हणजेच गेम, हे ते कारण. लहान मुलांच्या गेमबद्दल आपण खूप बोलतो. वीस वर्षांच्या, डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाबद्दल कुणी बोलत नाही, कारण तो आता शहाणा झाला असे आपण गृहीत धरतो.

दारूला वास येतो

आपल्या वस्त्यांना व्यसन नवे नाही. दारूने उठलेली घरे आपण पाहिली, मटक्याच्या आकड्यात गेलेले पगार पाहिले. आपल्या बायाबापड्यांनी दारूबंदीसाठी गुत्त्यांवर मोर्चे नेले. म्हणून व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेला माणूस उभा राहतो: झोकांड्या खाणारा, उधारी करणारा, बायकोवर हात टाकणारा. गेममध्ये बुडालेला मुलगा यातला एकही प्रकार करीत नाही. तो शांत असतो, खोलीत असतो, हातात पुस्तकाएवढीच वस्तू धरून बसलेला असतो. दारूला वास येतो, मोबाईलला येत नाही. खोलीचे दार लोटून बसलेला मुलगा अभ्यास करतो आहे की आणखी काही, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

तरीही एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा लेख वाचून उद्या घराघरांत मोबाईल फुटतील. गेम खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो. बहुतेक मुले खेळतात, कंटाळतात, ठेवून देतात. जगभरात झालेले बरेच अभ्यास एकत्र करून संशोधकांनी जो अंदाज काढला, तो खेळणाऱ्यांपैकी साधारण दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास येतो. शंभरात दोन-तीन. आकडा लहान आहे. पण ज्या घरातून तीन पिढ्यांत एकच मूल मेडिकलला पोहोचले, त्या घराला टक्केवारीचा काय उपयोग?

मग आजार कशाला म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी यादी केली आहे, तिच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घातला गेला. २०१८ मध्ये तो जाहीर झाला, मे २०१९ मध्ये सभासद देशांनी यादीला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. कधी खेळायला बसायचे आणि कधी उठायचे हे स्वतःच्या हातात न राहणे, ही पहिली. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सगळ्यांच्या पुढे गेमचा नंबर लागणे, ही दुसरी. आणि नुकसान समोर दिसत असतानाही खेळणे चालूच राहणे किंवा वाढणे, ही तिसरी. हे सगळे साधारण वर्षभर चालले आणि त्यातून माणसाचे शिक्षण, काम, नातीगोती खरोखर मोडकळीला आली, तरच डॉक्टर त्याला विकार म्हणतात. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या ग्रंथात याचीच नऊ लक्षणे दिली. पण आणखी अभ्यास हवा असे सांगून त्याला पक्क्या आजारांच्या रांगेत बसविले नाही. काही संशोधकांनी तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निर्णयाला उघड विरोध केला. साध्या खेळाला रोग ठरविल्याने पालक घाबरतील आणि मुलाच्या मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष होईल, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते त्यांच्या म्हणण्यातला दुसरा भाग आपण लक्षात ठेवावा. त्याकडे पुढे येतोच.

किती तास खेळतो यावर मात्र सगळे ठरत नाही. इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी २०१० मध्ये दोन माणसांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघेही दिवसाला चौदा-चौदा तास खेळत. एक तरुण, बेकार, एकटा. त्याला काम मिळाले, आयुष्यात माणसे आली आणि खेळणे आपोआप कमी झाले. दुसरा प्रपंचातला माणूस; त्याची नोकरी आणि संसार दोन्ही त्या खेळापायी धोक्यात आले. तास तेवढेच, परिणाम वेगळा. तेव्हा मुलाला "किती वेळ खेळतोस?" एवढेच विचारून उपयोगाचे नाही. "खेळण्यापायी काय काय राहून गेले?" हे विचारावे लागते.

"एक डाव संपू दे"

आयांची एक नेहमीची तक्रार असते: जेवायला दहा हाका मारल्या तरी उठत नाही, म्हणतो एक डाव संपू दे. त्यातले खरे काय आहे ते समजून घेतले पाहिजे.

आपल्याकडे गाजलेल्या पबजीसारख्या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो टिकेल तो जिंकतो. बहुधा चौघांची टोळी करून खेळतात. डाव साधारण अर्धा तास चालतो आणि तो मध्येच थांबविता येत नाही. पत्त्यांचा डाव पालथा घालून जेवून येता येते, इथे तशी सोय नाही. एक जण उठला की बाकीचे तिघे उघडे पडतात आणि मग शिव्या बसतात. म्हणजे मुलाला धरून ठेवणारी नुसती चटक नसते, चौघांतली शब्दाची बांधिलकीही असते. जो मुलगा मुळात माणसाळू आणि शब्दाला जागणारा, तोच कधी कधी जास्त अडकतो.

त्यावर मग कंपनीची करामत. रोज हजेरी लावली तर बक्षीस. काही आठवड्यांचा हंगाम असतो, हंगाम संपला की चढलेली पायरी पुन्हा खाली येते आणि परत चढावी लागते. बंद पेट्या असतात. त्यांत काय निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर कबुतर पोट भरले की थांबते. पण दाणा कधी मिळतो, कधी मिळत नाही असे केले तर ते चोच मारीतच राहते. मटक्याच्या अड्ड्यावर हे कुणी पुस्तकात वाचले नव्हते, तरी सर्वांना ठाऊक होते. गेम तयार करणाऱ्यांनी ते वाचूनही घेतले आहे आणि त्यावर पगारी माणसे बसविली आहेत. कुरकुंभच्या कारखान्यात एखादे रसायन किती तापमानाला उकळायचे याचा जसा हिशेब असतो, तसा मुलाला किती वेळाने किती लहान बक्षीस द्यायचे याचा तिथे हिशेब असतो.

सरकारने पबजी २ सप्टेंबर २०२० रोजी इतर ११७ अॅपसह बंद केला. चीनशी सीमेवर झगडा चालू होता, म्हणून. मुलांच्या अभ्यासासाठी नव्हे. २०२१ मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन आला, २०२२ मध्ये पुन्हा गेला, २०२३ मध्ये परत आला. परत येताना त्याने मर्यादा घातली: अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास, इतरांना सहा तास. मेडिकलचा विद्यार्थी 'इतर' या खात्यात मोडतो. दिवसाचे सहा तास ही मर्यादा ज्यांनी ठरविली, त्यांना कोणता विद्यार्थी डोळ्यांपुढे होता कोण जाणे. पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या महिन्यात मुले तेवढी झोपतही नाहीत.

पवईचे बटण

महाविद्यालयातल्या मुलांचा हा प्रश्न मोबाईलने आणला असे नाही. मार्च २००७ मध्ये मुंबईच्या पवई येथील आयआयटीने आपल्या वसतिगृहांतले इंटरनेट रात्री अकरापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली. मुले रात्रभर संगणकावर खेळत बसतात, सकाळी तासांना येत नाहीत, शेजारच्या खोलीतल्या मुलाशी बोलत नाहीत, असे संस्थेचे म्हणणे होते. देशातल्या निवडक हुशार मुलांची ही गत होती, हे विसरू नये. हुशारी हे या बाबतीत संरक्षण नाही.

तेव्हा निदान बटण संस्थेच्या हातात होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र इंटरनेट आले. आता वॉर्डनने वायफाय बंद केले तर मुलाला एक मिनिटही अडत नाही. देशांनीही बटणे दाबून पाहिली आहेत. दक्षिण कोरियाने सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा २०११ मध्ये केला आणि दहा वर्षांनी तो मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. पण मेडिकलचा मुलगा सज्ञान आहे. त्याच्यासाठी कुठलेच सरकार बटण दाबणार नाही.

फोन परत मिळतो तो दिवस

मेडिकलच्या मुलांनाच हे का व्हावे? त्याचे एक कारण मागच्या दोन वर्षांत दडलेले आहे. नीटला आता देशभरातून वीस लाखांवर मुले बसतात. लातूरला, पुण्याला क्लास लावलेल्या मुलाचा फोन घरचे काढून घेतात. साधा बटणांचा फोन, तोही रविवारी. दोन वर्षे मुलाला खेळ नाही, मित्र नाहीत, लग्नकार्य नाही, जयंतीची मिरवणूकसुद्धा गॅलरीतून पाहायची. मग निकाल लागतो, प्रवेश मिळतो, आणि बाप कौतुकाने हप्त्यावर नवा फोन घेऊन देतो, कुणी लॅपटॉप घेते. अठरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा वेळ स्वतः कसा वापरायचा हे एकदाही शिकू न देता आपण एकाच दिवशी त्याच्या हातात पूर्ण मोकळीक आणि पूर्ण इंटरनेट देतो. त्याच आठवड्यात तो घरापासूनही दूर जातो.

तिथे त्याची गाठ पडते ती त्याच्यासारख्याच शंभर-दीडशे पहिल्या नंबरच्या मुलांशी. गावात जो पहिला होता, तो इथे साठावा. अॅनाटॉमीची जाडजूड पुस्तके, शवविच्छेदनाचा तो पहिला दिवस, तोंडी परीक्षेत इंग्रजीतून चाचपडणे. यातून रात्री खोलीवर आल्यावर त्याला एक जागा सापडते, जिथे तो हरत नाही. हरला तरी दुसऱ्या मिनिटाला नवा डाव मांडता येतो. अॅनाटॉमीत तसे मांडता येत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. एमबीबीएसच्या २५,५९० विद्यार्थ्यांनी त्यासाठी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. त्यातल्या २७.८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले, आणि १६.२ टक्क्यांच्या मनात स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येऊन गेले होते. हा अहवाल गेमविषयी नाही. पण गेमकडे पळणारा मुलगा कशापासून पळतो, ते त्यात दिसते. वर ज्या संशोधकांचा विरोध सांगितला, त्यांचा मुद्दा हाच होता. पुष्कळदा उदासी आधी येते आणि गेम नंतर. मग गेममुळे अभ्यास बुडतो, त्याने उदासी वाढते, आणि ती घालवायला पुन्हा गेम. कुठून सुरू झाले ते शोधणे डॉक्टरचे काम आहे. आपण घरी बसून "मोबाईलने वाया गेला" असा निकाल देऊन टाकतो.

आणि आपल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. वसतिगृहात छळाला कंटाळून आमची मुले ठराविक मजल्यांवर एकत्र राहायला जात होती. मेसमध्ये, कार्यक्रमांत, खेळाच्या मैदानातसुद्धा त्यांना दूर ठेवले जात होते, असे त्या समितीला आढळले. सगळीच महाविद्यालये तशी नसतील. परंतु ज्या मुलाला "रँक किती आला रे?" हा साधा वाटणारा प्रश्न पहिल्या दिवसापासून टोचत राहतो, त्याने काय करावे? गेममध्ये रँक विचारतात ती गेममधलीच. तिथे आडनाव नसते. स्वतः ठेवलेले टोपणनाव असते आणि नेमबाजी चांगली असली की अनोळखी मुलेही टोळीत घ्यायला धावतात. मला वाटते, आपल्या काही मुलांना त्या पडद्यात जे मिळते ते नुसते मनोरंजन नसते. मैदानात जो मान मिळायला हवा होता, तो तिथे मिळतो. म्हणून त्याच्या हातून फोन हिसकावताना आपण त्याच्याकडून नेमके काय हिसकावतो आहोत, याचा विचार करावा.

झोपेचे गणित बापाला येते

नुकसान कुठून सुरू होते? झोपेपासून. दिवसा तास, प्रॅक्टिकल, संध्याकाळी मेस, म्हणजे खेळायला उरते ती रात्र. टोळीतले बाकीचे तिघेही रात्रीच मोकळे असतात. अकराला बसलेला मुलगा तीनला उठतो, सकाळी आठच्या तासाला पेंगतो किंवा जातच नाही. वैद्यकीय शिक्षणात हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही. शिवाय दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के होते ते झोपेत. ती झोपच काढून घेतली तर सकाळी पाठ केलेले स्नायूंचे नाव रात्रीपर्यंत उडून जाते. मुलाला वाटते आपली बुद्धी कमी पडते. बुद्धी तीच आहे, झोप नाही.

हे पुस्तकातले ज्ञान रात्रपाळी करणाऱ्या बापाला सांगायला नको. रात्रभर रिअॅक्टरपाशी उभा राहून सकाळी घरी आलेल्या माणसाला माहीत असते, दिवसाची झोप ही झोप नसते. चिडचिड होते, भूक मरते, बोललेले लक्षात राहत नाही. बाप ही रात्रपाळी पगारासाठी करतो, पोरगा फुकट करतो, इतकाच फरक. मुलाशी बोलायची सुरुवात बापाने इथूनच केली तर बरे. उपदेशापेक्षा अनुभवाला मुले जास्त मानतात, आणि या एका बाबतीत कुरकुंभचा कामगार महाविद्यालयाच्या डीनपेक्षा अधिकाराने बोलू शकतो.

मुले यावर एक उत्तर तयार ठेवतात, ते पालकांना माहीत असावे. न्यूयॉर्कमधील शल्यविशारद जेम्स रोसर यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करायला शिकणाऱ्या ३३ डॉक्टरांची त्यांनी चाचणी घेतली. पूर्वी आठवड्याला तीन तासांहून जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्या डॉक्टरांच्या चुका इतरांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि ते कामही लवकर करीत होते. अभ्यास खरा आहे. त्यात तास आठवड्याचे मोजले होते, एवढे मुलाला आठवण करून द्यावे. आणि ती सगळी माणसे आधी डॉक्टर झालेली होती!

पैशाची बाजू

गेम फुकट असतो असे म्हणतात. बंदुकीचा रंग, अंगावरचे कपडे, त्या बंद पेट्या यांना पैसे पडतात, पन्नास-शंभर असे. यूपीआयने ते कधी गेले कळत नाही. याहून वाईट म्हणजे पैसे लावून खेळायची रमी आणि क्रिकेटच्या टोळ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ बंद केले. परंतु परदेशातून चालणारी अॅप चोरून येतात, आणि बंदूक-लढाईचे खेळ या बंदीत नाहीत. ते चालूच आहेत.

शिष्यवृत्तीचा निर्वाहभत्ता थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येतो. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आपल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, तिचेही पैसे खात्यावरच जमा होतात. पुण्या-मुंबईत ती रक्कम वर्षाला साठ हजारांपर्यंत जाते. बहुसंख्य मुले त्यातून खोलीचे भाडे आणि मेस भागवतात, पुस्तके घेतात. पण अडकलेल्या मुलाच्या बाबतीत पहिली खूण पुष्कळदा इथे दिसते. मेसचे पैसे थकतात, मित्राकडून उसने घेतले जातात, घरी वेगवेगळी कारणे सांगून पाचशे-हजार मागितले जातात. हिशेब विचारायला आई-वडिलांनी संकोच करू नये. पोरगा डॉक्टर होणार म्हणून त्याला काही विचारायचे नाही, ही भीती आपल्या घरांत फार आहे. आपण शिकलेले नाही, त्याला काय विचारणार, असे वडील म्हणतात. मेसची पावती बघायला पदवी लागत नाही.

मुलींचे काय, असे कुणी विचारील. मुलीही खेळतात, वेगळे खेळ खेळतात आणि कमी बोलल्या जातात. त्यांच्या बाबतीत घरचे एकदम शिक्षणच थांबवायची भाषा करतात, म्हणून त्या जास्त लपवतात. हे थांबले पाहिजे.

घरच्यांनी करावे काय

पहिल्या झटक्यात फोन हिसकावून घेणे, फोडणे, चारचौघांत अपमान करणे हे टाळावे. फोनवर त्याच्या महाविद्यालयाच्या सूचना येतात, नोट्स येतात. तो काढून घेतला तर अभ्यासही तुटतो. शिवाय अचानक तोडल्याने मुले फार चिडतात, काही तर घर सोडून जातात. आणि जो आधीच उदास आहे, त्याला एकटे पाडणे धोक्याचे आहे. त्याने जीव देण्याची भाषा केली, निरवानिरवीचे बोलू लागला, तर ते नाटक समजू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे.

सुट्टीत तो घरी आला की बघावे. तो चार दिवस न खेळता राहू शकतो का? खेळायला मिळाले नाही तर तळमळतो, चिडतो, की विसरून जातो? पूर्वी आवडणारी कामे, क्रिकेट, विहारातली मुले, मामाच्या गावची जत्रा यांत त्याचा जीव रमतो का? याची उत्तरे बरी असतील तर थोडक्यात बोलून सोडून द्यावे. खेळू द्यावे, पण रात्रीचे नाही आणि परीक्षेच्या महिन्यात नाही, एवढे त्याच्याच तोंडून ठरवून घ्यावे. फोन चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावणे, टोळीतल्या मित्रांना स्वतः सांगून टाकणे, गेम काढायचा असेल तर तो त्याने स्वतःच्या बोटाने काढणे, या लहान गोष्टी उपयोगी पडतात.

उत्तरे बरी नसतील तर मात्र मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत २०१४ पासून मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळे केंद्र चालते. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आपल्याला दारूसाठी माहीत आहे. तिथे आता मोबाईलच्या तक्रारी घेऊनही घरचे लोक येतात. या उपचारात गेम सोडविण्याची एखादी खास गोळी नसते. समुपदेशक मुलाबरोबर बसून, खेळावेसे नेमके कधी वाटते, त्या आधी मनात काय चाललेले असते, हे तपासतात आणि त्या वेळेला दुसरे काहीतरी बसवितात. सोबत उदासी असेल तर तिला औषध देतात. काही महिने लागतात.

शिक्षणाचे दार लगेच बंद होते असेही नाही. आयोगाच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाची परीक्षा चार प्रयत्नांत सुटली पाहिजे आणि प्रवेशापासून नऊ वर्षांत एमबीबीएस पुरे झाले पाहिजे. एका नापासाने सगळे संपले, असे मुलाला वाटत असते. त्याला हा नियम कागदावर दाखवावा. दोन प्रयत्न लपवून तिसऱ्याला घरी कळले तर मात्र वेळ थोडा उरतो.

यातली गंमत म्हणजे मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग या मुलांच्या स्वतःच्या रुग्णालयातच असतो. तिथे ते शिकायला जातात, पण रुग्ण म्हणून बाकावर बसायची लाज वाटते. उद्या वर्गात कळेल, सर तोंडी परीक्षेत लक्षात ठेवतील. ती भीती समजण्यासारखी आहे. बारामतीच्या मुलाला तिथे नको वाटत असेल तर त्याने ससूनला जावे, ससूनच्या मुलाने दुसरा दवाखाना गाठावा. तेही जमत नसेल तर सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. आई-वडीलही तिथे फोन करून विचारू शकतात, आणि त्याला केसपेपर लागत नाही.